कुजबुजकरांची शोकसभा

घशाच्या डॉक्टरांनी बाबांना बोलायची बंदी केली, आणि घरी आल्या आल्या बाबांनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं ते असं: "मला गायचंय."

पाटी बायकोनं वाटेतच घेतली होती, पेन्सिलींच्या डबीसकट. तिची कल्पना अशी की सासरे त्यावर 'चहा', 'पाणी', 'पंखा' असं काहीबाही लिहितील आणि तीन आठवडे सुखात जातील. मीही तेच समजून होतो. आमच्या बाबांना आम्ही दोघंही ओळखतो असा आमचा समज होता, हे पहिलं चुकलं.

गोष्ट अशी की बाबांच्या घशात एक गाठ आली होती. साधी गाठ, घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी असं म्हटलं रे म्हटलं की आमच्या घरात सगळे आधी घाबरून घेतात, मग पुढचं ऐकतात. पुढचं असं होतं की तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, गाठ काढायची. बोलता येईल, नक्की येईल, पण आवाज हाच राहील का, ते सांगता येणार नाही. तोवर गप्प बसायचं. बाबांनी तिथल्या तिथे डॉक्टरांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहून विचारलं, मधे एकदा, फक्त एकदा, तासभर हळू आवाजात गायलो तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, हळू म्हणजे किती हळू? बाबांनी लिहिलं, "कुजबुजकरांइतकं." डॉक्टर पन्नाशीचे होते म्हणून सुटलो. ते खुदकन हसले आणि म्हणाले, तासभर, वर एक मिनिट नाही.

कुजबुजकर कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या काळातले मोठे गायक. खरं नाव वेगळं होतं, पण ते त्यांच्या घरचेसुद्धा विसरले असतील. बाकीचे गायक नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखे गायचे, आणि हा गृहस्थ माइकच्या अगदी जवळ येऊन आपल्याच कानात काहीतरी गुपित सांगितल्यासारखा गायचा. माझी आजी रेडिओवर त्याचं गाणं लागलं की "कानाशी लागतो मेला" म्हणून बटण बंद करायची. दुपारी घरात कोणी नसलं की तीच बटण चालू करायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आणि आमचे बाबा म्हणजे गावातल्या मोठ्या बसस्टँडवरचे उद्घोषक. बत्तीस वर्षं काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या पुकारल्या. फलाट कोणता, गाडी कुठली, सुटते किती वाजता. अख्खं गाव त्यांच्या आवाजावर धावलं, पण त्यांचा चेहरा पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माइकवर बोलायची रीत ते कुजबुजकरांकडून शिकले, म्हणजे तबकड्या ऐकून. ओरडायचं नाही, तोंड माइकपासून चार बोटं, आणि बोलायचं असं की बाकावर पेंगणाऱ्या एकाच माणसाला सांगतोय. पुढे तिथे यंत्र आलं, त्यात एका बाईंचा आवाज भरला, आणि बाबा निवृत्त झाले. कुजबुजकरांची गाणी चार माणसांपुढे, तोंड दाखवून गायची, ही एकच हौस त्यांची राहिली होती. आधी ड्युटी होती, मग लाज होती, मग वय झालं. आता तीन आठवडे उरले होते.

हे सगळं मला कळत होतं. मुलगा आहे मी, दगड नाही. म्हणून मी म्हणालो, "करू की. त्यात काय, गच्चीवर वीस खुर्च्या टाकू."

माझ्या आयुष्यातल्या यच्चयावत आपत्ती 'त्यात काय' या दोन शब्दांनी सुरू झाल्या आहेत. लग्नाआधी घर रंगवायला मी स्वतःच काढलं होतं तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. पण ते राहू द्या.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात आणि सगळ्या मजल्यांवर लक्ष ठेवतात. त्यांना बातमी लागली तेव्हा मी जिन्यातच होतो. ते म्हणाले, गच्चीवर नुकतंच गळतीचं काम झालंय, वीस खुर्च्यांचे ऐंशी पाय, त्यावर माणसांचे चाळीस, एकूण एकशे वीस भोकं पडली तर जबाबदार कोण? मी म्हटलं, माणसांचे पाय टोकदार नसतात. त्यावर त्यांनी डाव बदलला. बाबांसारख्या माणसाला गच्ची शोभते का, म्हणाले. नगरपालिकेचं सभागृह घ्या. रीतसर कार्यक्रम करा. अध्यक्ष वगैरे हवाच, तर तेवढं मी बघतो. अध्यक्ष हवा असं कोणीही म्हणालेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त विमेवाले मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कशा कराव्यात ते करून दाखवायला आले आणि आमच्याच बेसिनमध्ये सात गुळण्या करून गेले. समोरच्या काकूंनी सांगितलं की गाण्याआधी तीन दिवस उशी न घेता झोपावं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम करतो. त्यानं फोनवरच जाहीर केलं की साथीला कीबोर्ड आपला. त्याचा कीबोर्ड आम्ही एकदाच ऐकला होता, पण पाहुणा नाराज होऊ नये म्हणून बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मी हो म्हणालो.

आता सभागृहाच्या आरक्षणाच्या खिडकीबद्दल. मी वजनमापे खात्यात मुख्य लिपिक आहे. बावीस वर्षं मी खिडकीच्या आत बसतोय. तराजू घेऊन, लिटरची मापं घेऊन लोक बाहेर उभे, मी आत. त्या दिवशी पहिल्यांदा मी बाहेर उभा राहिलो आणि आतला माणूस डबा खात होता. त्याचा घास चावून होईपर्यंत मी थांबलो. माझ्या खिडकीसमोर लोक कसे उभे असतात हे त्या पंधरा मिनिटांत मला नीट कळलं, पण ते ज्ञान मी लगेच बाजूला सारलं, कारण त्याचा उपयोग करायचा तर कामाची पद्धत बदलावी लागली असती.

लिपिकानं रजिस्टर उघडलं. अडीच महिने एक दिवस मोकळा नव्हता. मी बाबांचं सांगितलं, गाठीचं सांगितलं, कुजबुजकरांचं सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं डबा बंद केला आणि विचारलं,

"हे गायक हयात आहेत?"

"नाही."

"मग झालं की. दर गुरुवारी पाच ते सहा शोकसभेसाठी राखीव असतं. शोकसभा लावा."

"अहो, त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली."

"अर्जात 'कधी' असा रकाना नाही," तो म्हणाला.

आता हे वाक्य दुसऱ्या कोणाला विचित्र वाटलं असतं. मला ते पटलं. रकाना नाही म्हणजे प्रश्न नाही, हे तत्त्व मी स्वतः बावीस वर्षं पाळत आलोय. भारावून मी सही ठोकली. गुरुवार मिळाला, ऑपरेशनच्या आदला दिवस. मागच्या बाजूच्या अटी मी वाचल्या नाहीत. लोकांना दिवसभर 'मागची बाजू वाचा, मागची बाजू वाचा' म्हणणारा मी.

मागची बाजू सेक्रेटरींनी वाचली, आमच्या दिवाणखान्यात, खड्या आवाजात. कार्यक्रम एक तासाचा असेल. सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहून मौन पाळावं लागेल. वाद्यं असल्यास मंद वाजवावीत. हास्यविनोद, शिट्ट्या आणि टाळ्या यांना सक्त मनाई आहे, उल्लंघन झाल्यास पहारेकरी सभा बंद करेल.

"म्हणजे बाबा गाणार," बायको सावकाश म्हणाली, "आणि लोक तोंडं पाडून बसणार?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी कागद हातात घेतला, 'टाळ्या' या शब्दावर जरा वेळ बोट ठेवलं, मग पाटीवर लिहिलं, "चालेल. गायला मिळतंय ना." ते वाचून मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच पंख्याचा वेग वाढवला.

दोन दिवसांनी सभागृहाच्या फलकावर खडूनं लिहिलं गेलं: शोकसभा, गुरुवार, पाच वाजता. आणि खाली, गायक या शब्दाला जागा न पुरल्यामुळे, नुसतं बाबांचं नाव. परिणाम व्हायचा तोच झाला. विमेवाले सोडून इमारतीत कोणी तो फलक वाचला नव्हता, पण विमेवाल्यांनी वाचला एवढं पुरे होतं. संध्याकाळी दार वाजलं. बाबांनी उघडलं. बाहेर विमेवाले आणि त्यांच्या मागे सात-आठ माणसं, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. बाबा बोलू शकत नव्हते. त्यांनी पाटीवर लिहिलं, "या, बसा." विमेवाले मटकन पायरीवरच बसले. पुढे खुलासा झाला, पण आलेल्या मंडळींना चहा पाजावा लागला, आणि 'आलोच आहोत तर' म्हणून दोघांनी बाबांना गुळण्यांचा नवा प्रकार सांगितला.

माझ्या ऑफिसातही बातमी पोचली. साहेबांनी मला आत बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, आणि न मागता तीन दिवसांची रजा मंजूर केली. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण बावीस वर्षांत साहेबांनी खांद्यावर हात ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती, त्यांचा विरस करवेना. रजा मी घेतली.

ती रजा माइकच्या कामी आली. सभागृहात बाबांऐवजी मी बोलून माइक तपासला तेव्हा त्यातून असा आवाज येत होता जसा कुकरची शिटी गेल्यावर येतो. बाबांनी मला चार बोटं अंतरावरून बोलायला लावलं, मग सहा, मग मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, "माझा माइक." त्यांचा म्हणजे स्टँडवरच्या काचेच्या खोलीतला. जड, लोखंडी बैठकीचा.

मी डेपोच्या भांडारात गेलो. तिथले स्टोअरकीपर म्हणजे जगातला शेवटचा प्रामाणिक माणूस असावा. माइक समोरच्या फळीवर होता, मला दिसत होता. ते म्हणाले, तो देता येणार नाही, कारण तो निर्लेखित झालाय, म्हणजे नोंदीतून काढून टाकलाय. मी म्हटलं, नोंदीत नाही तर तो तुमचा नाही. ते म्हणाले, लिलाव होईपर्यंत माझाच. मी म्हटलं, मग उसना द्या. ते म्हणाले, जी वस्तू नोंदीत नाही ती बाहेर गेल्याची नोंद कशी करू? बाहेर गेल्याची नोंद नाही तर आत आल्याची कशी करू? मला त्या माणसाबद्दल आदर वाटू लागला. असा कर्मचारी आमच्या खात्यात असता तर शहरात एकही तराजू विकला गेला नसता.

अर्धा तास आम्ही दोघांनी नियमांची पुस्तकं काढून वाद घातला. फार समाधान वाटलं. शेवटी मार्ग त्यांनीच काढला. वस्तू माझ्या ताब्यातून सुटता कामा नये, ते म्हणाले, पण मी कुठे असावं याबद्दल नियम नाही. थोडक्यात, माइक येईल, पण सोबत ते येतील, आणि कार्यक्रम संपेपर्यंत माइकला हात लागेल इतक्या अंतरावर बसतील.

तर गुरुवारी पाच वाजता रंगमंचावरचं दृश्य असं. मधोमध बाबा, इस्त्रीच्या सदऱ्यात. समोर माइक. माइकच्या शेजारी खुर्चीवर स्टोअरकीपर, मांडीवर नोंदवही, एक हात माइकच्या बैठकीवर. डावीकडे मेहुणा. उजवीकडे अध्यक्ष, म्हणजे सेक्रेटरी. खाली सभागृह जवळजवळ भरलेलं. अर्धे लोक खरंच शोक करायला आले होते, आणि उरलेले कोण गेलं ते बघायला. खांबाला टेकून खाकी कपड्यातला पहारेकरी. असा गंभीर माणूस मी पाहिला नाही. त्यानं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की मागच्या महिन्यात एका शोकसभेत कोणीतरी हसलं म्हणून त्यानं दिवे मालवले होते.

मौन सुरू झालं. सगळे उभे. दीड मिनिट उत्तम गेलं. मग मेहुण्याचं कोपर कुठेतरी लागलं आणि कीबोर्डमधून आपोआप नाचाचा ठेका सुरू झाला, धुमधडाक्यात. मेहुणा बटणं दाबत सुटला तसा ठेक्यात तुतारीही मिसळली. पहारेकरी खांबापासून सुटून चालायला लागला. बायकोनं पुढच्या रांगेतून उठून शांतपणे वायर उपटली आणि ती पर्समध्ये घालून पुन्हा उभी राहिली. साथ अशा रीतीनं कार्यक्रमाआधीच संपली. माझ्या बायकोला मी एरवी बऱ्याच गोष्टींसाठी बोलतो, पण त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मग अध्यक्ष. त्यांना एक तासापैकी पाच मिनिटं दिली होती, त्यांनी अकरा घेतली. शोकसभेचं भाषण त्यांच्याकडे तयार होतं, त्यात फक्त नाव बदलायचं होतं, आणि नाव त्यांनी फलकावरचं घातलं. "किती साधा माणूस होता. जिन्यात भेटला की हसायचा. आज तो आपल्यात नाही." ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते बाबा शेजारीच बसून ऐकत होते आणि एकदोनदा त्यांनी मानही डोलावली. मी खालून हातवारे केले. ते पाहून अध्यक्षांना वाटलं, मला हुंदका आलाय, आणि त्यांनी आणखी एक परिच्छेद वाचला.

पाच वाजून सोळा मिनिटांनी बाबा माइकपाशी आले.

त्यांनी चार बोटं अंतर घेतलं आणि कुजबुजकरांचं खिडकीचं गाणं सुरू केलं. वाद्य नाही, ताल नाही, नुसता आवाज. मी त्या आवाजाच्या घरात जन्मलो, त्याच आवाजानं मला अभ्यासाला बसवलंय, ताप आला तेव्हा कपाळावरच्या पट्ट्या बदलताना तोच आवाज होता. पण असा तो मी ऐकला नव्हता. सभागृहातल्या प्रत्येकाला वाटावं की शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसलंय आणि फक्त आपल्याशी बोलतंय. मी खुर्चीत ताठ बसलो. अभिमानच होता तो, दुसरं काय असणार.

गाणं संपलं. शांतता. कोणी खोकलंसुद्धा नाही. एका बाईंनी नकळत दोन्ही हात वर केले, पहारेकऱ्यानं बोट दाखवलं, बाईंनी हात मांडीवर ठेवले. बाबांनी दुसरं गाणं गायलं. शांतता. तिसरं. शांतता. अटी बाबांना माहीत होत्या, त्यांनीच 'चालेल' लिहिलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि गाऊन झाल्यावर तीनशे माणसं दगडासारखी बसलेली बघणं वेगळं. दर गाण्यानंतर त्यांचे खांदे थोडे थोडे खाली येत होते. चौथ्या गाण्यात, न आलेल्या पत्राच्या गाण्यात, ते ओळ विसरले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. घाम आला. स्टोअरकीपरांनी माइक सोडून बाबांचा हात धरला, हे नियमात बसत नव्हतं. आता बाबा उठून आत जाणार आणि उद्या त्यांचा आवाज जाणार, आणि त्यांची शेवटची आठवण ही असणार, असं मला स्वच्छ दिसलं. हे सगळं माझ्या एका सहीमुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि बाबांनी काय करावं? गाडी वेळेवर आली नाही की ते बत्तीस वर्षं जे करायचे तेच केलं. पाठ ताठ केली आणि माइकमध्ये बोलले,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. पुढील गाणं थोड्या विलंबानं सुटेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

आणि उद्घोषकाच्या सवयीनं, प्रत्येक सूचना दोनदा, म्हणून तेच पुन्हा एकदा, जसंच्या तसं.

सभागृहात चुळबुळ झाली. तिसऱ्या रांगेत एक पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या राहिल्या. चष्मा काढून त्यांनी बाबांकडे नीट पाहिलं.

"अहो, तुम्ही स्टँडवरचे का?"

बाबांनी मान हलवली.

"मी नर्स होते," त्या म्हणाल्या. "पाच पन्नासची दवाखान्याची गाडी. पहाटेची पाळी असायची, बाकावरच झोपायचे मी, आणि एकवीस वर्षं तुम्ही मला उठवलंत. एकदाही माझी गाडी चुकली नाही." मग जरा संकोचून, "ती बोलता का एकदा?"

बाबांनी घसा साफ केला नाही, काही नाही. "फलाट क्रमांक सहा. जिल्हा रुग्णालयाकडे जाणारी गाडी पाच वाजून पन्नास मिनिटांनी सुटत आहे." दोनदा. बाईंनी पहिल्याच वेळी पर्स खांद्याला अडकवली होती. स्वतःच्या लक्षात आल्यावर त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि खाली बसल्या.

मग काही विचारू नका. मागून कोणीतरी उठलं, सहा दहाची कारखान्याची. एक मास्तर उठले, त्यांची शाळेची, नदीच्या पुलावरून जाणारी. एका जोडप्यानं सांगितलं की त्यांचं लग्न फलाट तीनवर जमलं, गाडी दीड तास उशिरा होती आणि बाबा दर दहा मिनिटांनी दिलगिरी व्यक्त करत होते. त्यांना ती दिलगिरीच ऐकायची होती. बाबा एकेक गाडी सोडत होते, आणि प्रत्येक गाडीनंतर कुजबुजकरांचं एक कडवं. न आलेल्या पत्राचं गाणं एका दमात पार झालं. ज्यांना इतकी वर्षं ते काचेतून पाठमोरे पळताना बघत होते, ती माणसं आता तोंड करून समोर बसली होती आणि आपापली गाडी मागत होती. मंचावर स्टोअरकीपर नोंदवहीच्या मागच्या पानावर गाड्यांची यादी करत होते, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

एवढ्यात पहारेकरी थेट मंचापाशी आला. मी धावलो. म्हटलं, संपलं, आता दिवे जाणार. तो मंचाच्या कडेला उभा राहिला, टोपी काढली, आणि अगदी हळू म्हणाला, "धरणाची. सकाळी सातची. वडील कामाला होते तिथे, मी डबा द्यायला जायचो." बाबांनी धरणाची गाडी सोडली. पहारेकरी दुसऱ्यांदाचीही सूचना पुरी ऐकून, टोपी घालून, आपल्या खांबापाशी परत गेला. टाळीची बंदी मात्र त्यानं उठवली नाही. नियम तो नियम.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगाच डोळ्यांना रुमाल लावायला नको. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. बाबा आता बोलतात, भांडतात, माझ्या बायकोला आणि मला सल्ले देतात. पण आवाज वेगळा आलाय, जरा खरखरीत, दुसऱ्या कोणाचा तरी. फोनवर मी अजून पहिल्या क्षणाला फसतो. तेव्हा गुरुवारी पाच ते सहा जे झालं ते वेळेतच झालं.

सहाला दोन मिनिटं होती. डॉक्टरांच्या तासातली थोडी मिनिटं उरली होती, पण सभागृहाचा तास संपत होता. बाबांनी शेवटचं गाणं संपवलं, थोडं पाणी प्यायले, आणि पुन्हा माइकपाशी वाकले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. फलाट क्रमांक एकवरून शेवटची गाडी सुटत आहे. आपलं सामान सांभाळावं. कोणीही मागे राहू नये. आपला प्रवास सुखाचा होवो."

लोक उठले. सगळे. पिशव्या, पर्स, छत्र्या हातात घेऊन उभे राहिले, पण दाराकडे एकही पाऊल पडलं नाही. दुसऱ्यांदाची सूचना राहिली होती. बाबांनी तोंड उघडलं, "प्रवाशांनी..." आणि आवाज गेला. नुसती हवा आली. त्यांनी परत प्रयत्न केला. ओठ हलले, माइकमधून काही आलं नाही. बाबांनी गळ्याला हात लावला आणि घाबरून माझ्याकडे बघितलं.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून नर्सबाई हळूच म्हणाल्या, "कृपया लक्ष द्यावं."

आणि मग सगळं सभागृह बोलायला लागलं. विमेवाले, मास्तर, ते जोडपं, माझी बायको, सेक्रेटरी, खांबापाशी पहारेकरी. "फलाट क्रमांक एकवरून शेवटची गाडी सुटत आहे." कोणी ओरडलं नाही. बाबा जिथे थांबायचे तिथेच तीनशे माणसं थांबली, जिथे दम घ्यायचे तिथेच दम घेतला, आणि 'सुखाचा होवो' मधला 'होवो' अगदी त्यांच्यासारखा लांबवला. बत्तीस वर्षं बाबा काचेच्या आत होते. आपली सूचना बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला कशी ऐकू येते, ते त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकता ऐकता ते हसायला लागले.